पोस्टरवर ए, बी, सी, डी कुठे?

मॉर्बिड एंजल या अमेरिकन डेथ मेटल बँडच्या गाण्यांची रात्र ठरवणारी मंडळी आणि त्या रात्री वाजवणारे वादक यांना खुले पत्र

मंडळी, सप्रेम नमस्कार.

पोस्टर पाहिलं. झकास झालंय. पाऊस ओसरला की गोव्यात एखादी तरी मेटलची रात्र व्हावी आणि ती एकाच बँडला वाहिलेली असावी, ही कल्पना तर मला फारच आवडली. फक्त पोस्टरवर नावं तीनच अल्बमांची आहेत: 'ऑल्टर्स ऑफ मॅडनेस' (१९८९), 'ब्लेस्ड आर द सिक' (१९९१) आणि 'कव्हेनंट' (१९९३). या बँडचे अल्बम इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने येतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. ए, बी, सी झालं. पुढचा डी, म्हणजे १९९५ चा 'डॉमिनेशन', तुम्ही ठरवून गाळलात. का म्हणून विचारलं तर उत्तर मिळालं, "तिथून ते विकले गेले. हळू वाजवायला लागले."

हेच उत्तर मी म्हापशात ऐकलंय, मडगावात ऐकलंय, फोंड्यात तर घरातल्याच भाच्याच्या तोंडून ऐकलंय. एवढ्या लोकांना एकच वाक्य पाठ असेल तर त्यातल्या किती जणांनी अल्बम शेवटपर्यंत ऐकलाय, अशी शंका येते. म्हणून हे पत्र खुलं.

आधी तुमच्या बाजूचं मान्य करते. 'डॉमिनेशन' एकसंध नाही. अकरा ट्रॅक, साधारण पाऊण तास. त्यातले दोन म्हणजे कीबोर्डवरचे छोटे तुकडे. उरलेल्या नऊ गाण्यांपैकी चार मला आजही हवीशी वाटतात, दोन सहन होतात आणि बाकीची कधी संपली ते कळत नाही. 'ऑल्टर्स' ऐकताना असं होत नाही, तिथे श्वास घ्यायलाही फुरसत मिळत नाही. तेव्हा हा अल्बम पहिल्या तिघांच्या तोडीचा आहे असं सांगायला मी आलेली नाही. तुम्ही त्यातलं वाईट म्हणून जे दाखवता ते त्यातलं सर्वांत चांगलं आहे, आणि त्याची खरी कमजोरी तुमच्या लक्षातच आलेली नाही, एवढंच माझं म्हणणं.

'विकले गेले' हा आरोप आधी निकालात काढू. अमेरिकेत हा बँड वॉर्नरशी जोडलेल्या जायंट रेकॉर्ड्सकडे गेला तो 'कव्हेनंट'च्या वेळी, १९९३ मध्ये. एमटीव्हीवरच्या 'बीव्हिस अँड बटहेड' या कार्टूनमध्ये त्यांचा व्हिडिओ झळकला, तोही 'कव्हेनंट'मधल्या 'गॉड ऑफ एम्प्टिनेस'चा. लायबाख या स्लोव्हेनियन मंडळींकडून गाण्यांची यंत्र-ठेक्यांवरची रूपं करून घेतली १९९४ मध्ये, तीही 'कव्हेनंट'च्याच गाण्यांची. मोठ्या लेबलकडे जाणं हे पाप असेल तर ते सी अक्षरापाशीच घडलं, आणि तो अल्बम तुमच्या पोस्टरवर मानाने बसलाय. शिवाय 'गॉड ऑफ एम्प्टिनेस' तुमच्या सेटलिस्टमध्ये शेवटून दुसरं आहे. ते गाणं वेगवान आहे का हो?

आता हळू वाजवण्याबद्दल. 'व्हेअर द स्लाइम लिव्ह' हे 'डॉमिनेशन'चं दुसरं गाणं, साडेपाच मिनिटांच्या आसपास. सात तारांच्या गिटारची जाड तार, त्यावर एक रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा. रिफ कसली, ओढत ओढत पुढे सरकणारं ओझंच म्हणा. त्यात दोन सुरांमध्ये इतकी जागा सोडलीय की डेथ मेटलवाल्याला ती जागा भरून टाकायचा मोह व्हावा. ड्रमर पीट सँडोव्हल भरत नाही. हा तोच माणूस, ज्याने 'टेररायझर' या दुसऱ्या बँडच्या १९८९ च्या अल्बमवर आणि 'ऑल्टर्स'वर ब्लास्ट बीट, म्हणजे ड्रमचा अतिवेगवान सलग ठेका, कसा असावा याचा दाखला घालून दिला. हात बांधल्यासारखा तो इथे थांबतो, डबल बेस (दोन्ही पायांनी वाजवायचे बेस ड्रम) हवी तिथेच आणतो आणि पुन्हा मागे हटतो. गायक डेव्हिड व्हिन्सेंटच्या आवाजावर इफेक्टचे थर चढवलेत. एरवी मला ही हौस आवडत नाही, पण इथे गाणाराच चिखलात बुडाल्यासारखा वाटतो, म्हणून ते जमून गेलंय. आणि मग गिटारवादक ट्रे अझॅगथॉथचा सोलो येतो: सगळं जमिनीला चिकटलेलं असताना एकटी गिटार वेडीवाकडी वर उडते. वेगवान गाण्यात त्याचे सोलो गर्दीत हरवतात. इथे प्रत्येक वळण ऐकू येतं.

तबलावादक खाप्रूमामा पर्वतकरांच्या गोव्यात, जिथल्या माणसाला 'लयभास्कर' म्हणून मान मिळाला, तिथे विलंबित लय म्हणजे आळस असं कुणी म्हणावं याचं मला नवल वाटतं. लय कमी केली की वादक उघडा पडतो. ठोका जराही पुढेमागे झाला तर लपवायला जागा नाही. तुमच्यातला जो ड्रमर चवथीला आरत्यांत घुमट वाजवतो त्याला विचारा, धावती आरती कठीण की सावकाश चालीची. तो खरं सांगेल.

मग अल्बमची पडती बाजू कोणती? माझ्या मते वेगवान गाणीच. 'डॉमिनेट' सोडा. अडीच मिनिटांचं ते पहिलं गाणं नेमकं आहे: येतं, आपटतं, जातं. पण 'धिस मीन्स वॉर' ऐका. वेग आहे, ताकद आहे, सँडोव्हल तर यंत्रासारखा बिनचूक आहे, आणि तरी दुसऱ्या दिवशी त्यातली एक रिफ तोंडावर येत नाही. 'नथिंग बट फिअर'मध्ये दोन जागा चांगल्या आहेत, मधला भाग सवयीने लिहिलेला. हा वेग त्यांनी 'ऑल्टर्स'मध्ये शोधून काढला होता, इथे ते तो नुसता वापरतात. आणि लक्षात घ्या, हे १९९५ होतं. त्याच वर्षी सफोकेशन या बँडचा 'पिअर्स्ड फ्रॉम विदिन' आला, त्यात वेग इतका दाट आणि गुंतागुंतीचा झाला होता की साधं सरळ धावणं जुनं वाटू लागलं. डेथ या बँडचा 'सिम्बॉलिक'ही त्याच वर्षीचा, तो वेगळ्याच दिशेने गेला. अशा वर्षात 'आम्हीही जोरात धावतो' एवढं सांगून कसं भागणार?

याचं एक कारण फारसं कुणी बोलत नाही. १९८६ मध्ये या बँडने 'अबोमिनेशन्स ऑफ डेसोलेशन' नावाचा अल्बम रेकॉर्ड केला होता. तेव्हा तो दाबून ठेवला, बाहेर आला १९९१ मध्ये. त्यातली गाणी पुढच्या अल्बमांमध्ये पुन्हा वाजवली गेली: 'चॅपेल ऑफ घूल्स' 'ऑल्टर्स'मध्ये, 'अबोमिनेशन्स' 'ब्लेस्ड'मध्ये, 'एंजल ऑफ डिसीझ' थेट 'कव्हेनंट'मध्ये. म्हणजे तुमच्या पोस्टरवरचे तिन्ही अल्बम जुन्या कणगीतलं भात काढून शिजवलेले. 'डॉमिनेशन' हा पहिला अल्बम, ज्यात कणगीत हात घातलेला नाही. सगळं नवं, दोन वर्षांत लिहिलेलं. वर-खाली होणारच की. पुढे १९९८ च्या 'फॉर्म्युलाज फेटल टू द फ्लेश'मध्ये ते पुन्हा कणगीपाशी गेले, 'हेलस्पॉन'ला नव्याने उभं केलं. तेव्हा सलग चांगला आणि विस्कळीत चांगला अशी तुलना करताना कुणाकडे साठा होता आणि कुणाकडे नव्हता, हेही बघायला हवं.

दुसरं कारण एरिक रुटन. 'कव्हेनंट'च्या वेळी दुसरा गिटारवादक रिचर्ड ब्रुनेल निघून गेलेला, त्यामुळे गिटारी सगळ्या ट्रेनेच वाजवल्या. 'डॉमिनेशन'वर न्यू जर्सीच्या रिपिंग कॉर्प्स या बँडमधून आलेला रुटन दुसऱ्या गिटारवर आहे, गाणी लिहिण्यातही आहे. ट्रेची रिफ वाकडी असते. कुठे सुरू झाली आणि कुठे वळली ते दोनदा ऐकल्याशिवाय कळत नाही. रुटनचा हात जास्त सरळ, जास्त भरीव. दोघं एकमेकांना पूरक ठरतात तेव्हा 'डॉन ऑफ द अँग्री'सारखं गाणं होतं: धावतं, मग अचानक पाय रोवून उभं राहतं, आणि तिथून पुढे मान हलवल्याशिवाय राहवत नाही. पण सगळीकडे असं जुळलेलं नाही. काही गाण्यांत दोन माणसं एका खोलीत असूनही वेगवेगळं वाजवताहेत असं वाटत राहतं. हा नवा संसार होता, एका अल्बमात मुरला नाही. रुटनने पुढे हेट इटर्नल हा स्वतःचा बँड उभा केला, फ्लोरिडात स्टुडिओ चालवला, कॅनिबल कॉर्प्सचे अल्बम निर्मिले आणि मग त्याच बँडमध्ये गिटार घेऊन उभा राहिला. त्याचं मोठेपण नंतर दिसलं, इथे त्याची चाहूल आहे.

व्हिन्सेंटबद्दल मात्र माझं आणि तुमचं थोडं जुळेल. त्याचा आवाज या अल्बमवर पूर्वीपेक्षा खोल आहे, शब्द स्पष्ट कळतात, आणि तो बोलतो ते समोर मोठा जमाव आहे असं धरून. 'आइज टू सी, इअर्स टू हिअर'मध्ये हे फार शोभतं. ते गाणं मला अल्बममधलं सर्वांत लबाड वाटतं: ठेका साधा भासतो, पाय आपोआप हलतो, आणि मोजायला जावं तर सम हातातून निसटते. पण इतर ठिकाणी हाच थाट नुसता थाट राहतो. हा माणूस आता गाण्यापेक्षा स्वतःच्या सावलीवर जास्त खूश आहे, असं मला तेव्हाही वाटलं होतं. १९९६ मध्ये तो गेला. २००४ मध्ये परत आला आणि २०११ मध्ये 'इलुड डिविनम इन्सॅनस' आला, त्याबद्दल आपण सगळेच एका बाजूला आहोत. टेक्नोचे ठेके ऐकायचे तर आम्ही गोव्यात राहतो, हणजुण्याला जाऊ. त्यासाठी मॉर्बिड एंजल कशाला?

तुमच्यापैकी काहींचा युक्तिवाद असा की २०११ च्या त्या घसरणीचं बीज 'डॉमिनेशन'मध्ये आहे. असेल. शेवटचं 'हेटवर्क' ऐकलं, ते कवायतीचे ड्रम, ते कीबोर्डचे भरदार पडदे, तर तसं म्हणायला जागा आहे. मला स्वतःला 'हेटवर्क' आवडतं, पण कुणी ते नाटकी म्हटलं तर मी भांडणार नाही. मात्र याच अल्बममधून दुसरीही एक वाट निघते, ती २००० च्या 'गेटवेज टू अॅनायलेशन'ला जाते. गायक स्टीव्ह टकर, रुटन पुन्हा गिटारवर, आणि जवळजवळ सगळा अल्बम जड, संथ, दाबून वाजवलेला. 'स्लाइम'मध्ये जे एका गाण्यापुरतं सापडलं होतं ते तिथे अख्खं घर झालं. 'गेटवेज'ला तुम्ही डोक्यावर घेता आणि त्याच्या आईला दाराबाहेर उभं करता.

छोट्या तुकड्यांविषयी फार लिहीत नाही. 'मेल्टिंग' आणि 'ड्रीमिंग' हे चांगले की वाईट यापेक्षा ते चुकीच्या जागी आहेत. 'मेल्टिंग' तर 'आइज टू सी'ची चढलेली नशा उतरवून टाकतो. 'ब्लेस्ड आर द सिक', जो त्यांनी मोझार्टला अर्पण केला होता, त्यात असे तुकडे गाण्यांना जोडून घेतात. इथे ते उंबरठ्यासारखे पायात येतात. 'सीझर्स पॅलेस' सहा मिनिटांहून लांब, त्यात वातावरण भरपूर आहे, पण कार्यक्रमात वाजवायचं धाडस करू नका, लोक तेवढ्यात बाहेर जाऊन चहा पिऊन येतील.

एक गोष्ट कानावर आली ती सांगते. 'डॉमिनेशन'मधलं काही घ्यायचंच तर 'इन्क्विझिशन (बर्न विथ मी)' घेऊ, गोव्यात त्याला अर्थ आहे, असं कुणीतरी सुचवलं म्हणे. कृपा करून नको. गोव्यातलं इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, १५६० ते १८१२, मधला थोडा खंड सोडला तर अडीचशे वर्षं चाललं. जुने गोव्यातला त्या न्यायालयाचा वाडा आज उभा नाही, पण लोकांच्या घराण्यांच्या, देवांच्या, स्थलांतरांच्या गोष्टींत तो आहेच. एवढ्या मोठ्या विषयाचं शीर्षक असलं म्हणून रिफ मोठी होत नाही. ते या अल्बममधलं सर्वांत पातळ गाणं आहे, आणि आपल्या इतिहासाची टाळी त्याला मिळू नये असं मला मनापासून वाटतं.

आता कामाचं बोलू. तुमचा हॉल पत्र्याच्या छपराचा, बाजूंनी उघडा. त्यामुळे रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद, २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम तसं सांगतात आणि पोलीस तसंच सांगायला येतात. वेळ मोजून वापरावा लागणार, म्हणूनच तुम्ही डी गाळलात हेही मला कळतं. पण एक विचार करा. स्पीकर तुम्ही भाड्याने आणणार ते नरकासुराच्या रात्री चौकाचौकात लावतात तेच, खालचा सूर छातीत घुसवणारे. पत्र्याखाली, अशा स्पीकरवर, सलग ब्लास्ट बीट वाजला की काय होतं ते तुम्ही जाणता: झांज, स्नेअर, गिटार सगळं एक होऊन नुसती घरघर उरते. 'इमॉर्टल राइट्स'ची बारीक कलाकुसर पहिल्या दोन रांगांपलीकडे पोचणार नाही. याउलट 'स्लाइम'सारखं गाणं अशाच जागेसाठी आहे. सुरांमधली जागा मोकळी, प्रत्येक ठोका मागच्या भिंतीपर्यंत वेगळा जाईल. अर्धा तास वेगाने मार खाल्लेल्या लोकांपुढे ते ठेवून बघा.

माझी सूचना अशी: सी मधलं 'एंजल ऑफ डिसीझ' काढा, ते तसंही १९८६ चं आहे. शिवाय आणखी एक वेगवान गाणं काढा, कोणतं ते तुम्ही ठरवा, मी भांडणात पडत नाही. त्या जागी 'डॉमिनेट', त्याला चिकटूनच 'स्लाइम', अल्बमवर आहेत तशीच, मध्ये बोलणं नको, आणि मग 'डॉन ऑफ द अँग्री'. तिन्ही मिळून बारा-तेरा मिनिटं होतात. 'आइज टू सी'चीही इच्छा आहे, पण ती समेवर येण्याइतकी तालीम तुमच्याकडे आता होईलसं वाटत नाही. पुढच्या वर्षी करा.

सात तारांची गिटार तुमच्यापैकी एकाकडेच आहे, माहीत आहे. दुसऱ्याने सहा तारांवर जाड गेजच्या तारा चढवून खाली ट्यून केलं तरी चालेल, पण तारा आठवडाभर आधी चढवा, ऐन वेळी त्या सैल पडून बेसूर होतात आणि संथ गाण्यात ते लगेच कळतं. बेसवाल्याने फझ, म्हणजे आवाज खरखरीत करणारा इफेक्ट, कमी ठेवावा. गाणाऱ्याने आवाजाच्या इफेक्टचा नाद सोडावा. व्हिन्सेंटला स्टुडिओ होता, तुम्हाला पत्रा आहे, तो काय इफेक्ट द्यायचा तो फुकट देईल. ड्रमरने 'स्लाइम' मेट्रोनोमवर बसवावं, आणि ठरलेल्या लयीपेक्षा एक ठोकाही पुढे पळू नये. कार्यक्रमात गर्दी दिसली की हात धावतात. ज्या दिवशी ते न धावता राहतील त्या दिवशी गाणं बसलं समजा.

साउंडचेकला एक माणूस मागच्या भिंतीपाशी उभा करा, स्टेजवरून ऐकून मिक्स ठरवू नका. कुणी मोकळं नसेल तर मी चारला येते. कानात घालायचे बोळे माझे मी आणीन.

आपली,
फोंड्याची एक जुनी श्रोती